चौथं नाव

१

लांबच्या विमानतळावरून स्वस्तात उडायचं, ही टेरहोर्स्ट मंडळींची जुनी खोड. कोलोनचा विमानतळ तासाभरावर होता, पण तिथून पोर्तोला जायचं म्हणजे तिप्पट पैसे. डोंगरावरच्या जुन्या लष्करी धावपट्टीला आता विमानतळ म्हणत असत, आणि तिथे पोचायला सव्वाचार तास लागायचे. गाडी चालवणारं घरात कोणी उरलं नव्हतं. एवाल्डला काचबिंदू, त्याची बायको मार्लीस कधी शिकलीच नाही, आणि एवाल्डचा धाकटा भाऊ योखेन याचा परवाना पोलिसांकडे जमा होता. तो का, हे विचारायचं नाही असा घरातला नियम होता. योखेनची बायको सिग्रून हिला चालवता यायचं, पण तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे.

मग उरल्या आगगाड्या. वेस्टरवाल्डमधल्या त्यांच्या गावातून नऊनंतरची पहिली गाडी, कोब्लेंझला बदल, मोझेल नदीच्या काठाने जाणारी दुसरी गाडी, आणि शेवटी हेलनबाख नावाच्या आडस्टेशनावर उतरून, आदल्या दिवशी फोन करून सांगितलं असेल तरच येणारी छोटी बस. हा सगळा बेत आखायचा मान मार्लीसचा. कुठल्या फलाटाला लिफ्ट आहे, कुठल्या बदलाला किती मिनिटं मिळतात आणि त्यातली किती एवाल्ड मुतारीत घालवणार, हे बासष्टाव्या वर्षीही तिला तोंडपाठ होतं. टीव्हीवर मोटारींच्या रांगा दाखवल्या की ती खुशाल हसायची.

तिकीटही तिच्याच आवडीचं. दिवसभराचं गटतिकीट, एका कागदावर चौघं. अट एकच. प्रत्येकाचं नाव आणि आडनाव प्रवास सुरू होण्याआधी, पेनाने, वाचता येईल अशा अक्षरात लिहायचं. कागदावर नाव नाही तो बिनतिकिटाचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, दोघांचंही दुसरं, आणि अकरा वर्षं ती नावं मार्लीसनेच लिहिली होती.

या खेपेला तिचं उजवं मनगट पट्टीत होतं. बागेला पाणी घालताना ओल्या फरशीवर घसरली होती. म्हणून आदल्या संध्याकाळी एवाल्ड स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिकीट घेऊन बसला. मार्लीस प्रवासासाठी अंडी उकडत होती. अंडी उकडली, गार झाली, डब्यात गेली, तरी याचं लिहिणं चालूच.

“चार नावं आहेत रे बाबा, मृत्युपत्र नाही,” ती म्हणाली.

“नीट दिसत नाही मला,” एवाल्ड म्हणाला आणि त्याने कागद उलटा करून ठेवला.

तिला त्याची कीव आली. तिने त्याच्या टकलावर हात फिरवला आणि दिवा मालवला.

तिचं लक्ष तसंही थाऱ्यावर नव्हतं. पोर्तोला तिची मुलगी फ्राउके होती, पहिल्या लग्नाची. फ्राउकेला सात वर्षांच्या दवाखान्याच्या फेऱ्यांनंतर मुलगी झाली होती, तीन आठवड्यांपूर्वी. आणि बाळाचं नाव तिने अजून सांगितलं नव्हतं. “आई, ते मी तुझ्या कानात सांगणार. ये तू आधी,” असं म्हणाली होती. मार्लीसने पिवळ्या लोकरीची टोपी विणली होती. मनगट दुखत असताना शेवटच्या ओळी डाव्या हाताने कशाबशा ओढल्या होत्या, आणि त्या तशा दिसतही होत्या.

२

गाडी वेळेवर सुटली. डब्यात गर्दी नव्हती. समोरासमोरच्या चार जागा मिळाल्या, मार्लीस खिडकीशी. योखेनने बूट काढले, सिग्रूनने त्याला ते परत घालायला लावले, एवाल्ड निळी फाइल मांडीवर घेऊन बसला. त्या फाइलीत चौघांचे पासपोर्ट आणि विमानाची तिकिटं असायची. फाइल त्याने सांभाळायची, बाकी सगळं तिने, अशी त्यांची वाटणी.

दुसऱ्या स्टेशनानंतर तपासनीस आला. गोल चेहऱ्याचा, सर्दी झालेला. एवाल्डने तिकीट पुढे केलं.

“एवाल्ड टेरहोर्स्ट?”

एवाल्डने बोट वर केलं.

“योखेन टेरहोर्स्ट? सिग्रून टेरहोर्स्ट?” दोघांनी माना हलवल्या. तपासनिसाने नाक पुसलं आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

“हानेलोरे ब्रिक्स?”

तिघांनी मार्लीसकडे पाहिलं. तपासनिसानेही पाहिलं.

मार्लीसला हसू आलं. “काय लिहिलंय? बघू.” तिने मान पुढे काढली. एवाल्डचंच अक्षर होतं, मोठं आणि वाकडं. पहिली तीन नावं भरभर लिहिलेली. चौथं मात्र दाबून, कोरून लिहिल्यासारखं.

“चुकलंय हो हे,” ती तपासनिसाला म्हणाली. “मी मार्लीस टेरहोर्स्ट. ह्यांची बायको. ह्यांना डोळ्यांचा त्रास आहे, भलतंच काहीतरी लिहून बसलेत.”

“प्रवास सुरू झाल्यावर नाव बदलता येत नाही, बाई.”

“ठाऊक आहे मला. म्हणून तर स्वतःहून सांगते आहे.”

दुसरी एखादी असती तर तिने मुकाट्याने मान हलवली असती, आणि मग घरी जाऊन नवऱ्याला फैलावर घेतलं असतं. पण मार्लीस रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत उभी राहणारी बाई होती. खोटं नाव घेऊन बसायचं, या कल्पनेनेच तिचे कान गरम झाले.

“म्हणजे ब्रिक्सबाई तुम्ही नव्हे?” तपासनिसाने विचारलं.

“मुळीच नाही.”

“नक्की?”

“आता माझं नाव मला माहीत नसेल का?”

सिग्रूनने डोळे मिटून घेतले. योखेन खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, लाकडाची वखार होती.

आणि मागच्या बाकावरून एका बाईचा आवाज आला. “मी आहे. हानेलोरे ब्रिक्स. इथे आहे मी.”

३

तपासनिसाने मागे पाहून मान डोलावली, तिकिटावर शिक्का मारला आणि मार्लीसला म्हणाला, “तुम्हाला मग वेगळं तिकीट घ्यावं लागेल.” त्यात कसला राग नव्हता. पैसे काढायला मार्लीस उठली, वरच्या फळीवरच्या पिशवीत एका हाताने चाचपडत राहिली, नोटा मिळाल्या, सुट्टे झाले, तपासनीस पुढे गेला. ती वळली तेव्हा तिच्या जागेवर ती बाई बसली होती.

पन्नाशीची असेल. आखूड राखी केस, गडद निळा पावसाळी कोट, गळ्यापर्यंत चेन लावलेला. सामान काही नाही. चारचौघींत लक्षात राहू नये असा चेहरा. फक्त बूट चिखलाने माखलेले होते, आणि गेल्या दहा दिवसांत तर पाऊस पडला नव्हता.

मार्लीस योखेनकडे वळली. योखेनला असल्या थट्टांची आवड होती. एवाल्डच्या साठीला त्याने भाड्याचा पोलीस आणला होता, आणि त्या पोलिसाने केक जप्त केला होता.

“झालं का पोट भरून?” ती म्हणाली. “किती दिलेस हिला? उठव आता.”

योखेन हसला नाही. तो वाकून बुटाची नाडी बांधत राहिला.

“एवाल्ड, अरे बोल की.”

एवाल्ड फाइलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

मग सिग्रून बोलली. अकरा वर्षांपासूनची तिची जाऊ, जिच्या दम्याच्या फवाऱ्याची एक जादा डबी मार्लीस स्वतःच्या पर्समध्ये बाळगायची. तिने मार्लीसच्या खांद्याच्या जरा वर कुठेतरी पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाली, “बाई, तुम्ही मागे बसता का? ही जागा आमची आहे.”

मार्लीसने पर्स तेवढी उचलली, पिशवी वरच्या फळीवरच राहिली. ती मागे जाऊन बसली, दोन रांगा सोडून, जिथून त्यांची डोकी दिसत होती.

डोकं थंड ठेवून विचार करायचा, असं तिने ठरवलं. आधी स्वतःलाच तपासलं. पक्षाघाताचा झटका आला तर माणसाला काहीबाही दिसतं, ऐकू येतं, असं डॉक्टरांच्या दारावरच्या तक्त्यात वाचलं होतं. तिने दोन्ही हात वर केले. दोन्ही उठले. खिडकीच्या काचेत बघून हसली. तोंड सरळ होतं, दोन्ही बाजूंनी सारखं घाबरलेलं. मग पुढची सगळी स्टेशनं ओळीने पुटपुटली आणि गाडी त्याच ओळीने थांबत गेली. डोकं ठिकाणावर होतं. त्याने धीर यायला हवा होता, पण उलटच झालं.

पुढे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तिच्या डब्याचा. बिजागरी कुरकुरायची त्याची. मग एक टक, जरा थांबून दुसरी टक. खिडकीच्या कडेवर अंडं असं दोनदाच आपटायची सवय मार्लीसची होती. पहिल्या वेळी हलकं, दुसऱ्या वेळी जोरात. योखेन त्यावरून तिला चिडवायचा, कोणी दार वाजवतंय का म्हणून.

“मीठ?” एवाल्डचा आवाज आला.

“थोडंसं,” ती बाई म्हणाली.

एवाल्डने कागदाच्या पुडीतलं मीठ तिच्या तळहातावर सोडलं. मार्लीसला ते पाहवेना. अकरा वर्षांत तिने कधी मत्सर केला नव्हता, तशी वेळच एवाल्डने आणली नव्हती. आता मत्सर होता की भीती, हे तिला सांगता आलं नसतं. दोन्ही पोटात एकाच जागी दुखत होतं.

४

कोब्लेंझला नऊ मिनिटं मिळायची. त्यातली पाच एवाल्डची, जिन्याखालच्या मुतारीत. तिथे त्याला एकटं गाठायचं आणि खडसावून विचारायचं, असं मार्लीसने मनाशी ठरवलं होतं. पण एवाल्ड तिकडे फिरकलाच नाही. त्या बाईचा दंड धरून तो सरळ फलाट पाचकडे चालत गेला. त्याला काचबिंदू होता, जिन्यावर नेहमी मार्लीसला त्याचा हात धरावा लागायचा. आज तोच त्या बाईला धरून नेत होता.

फलाटावर दोन पोलीस उभे होते. मार्लीस त्यांच्याजवळ गेली आणि चार पावलांवर थबकली. सांगणार काय? नवरा मला ओळखत नाही? दीर-जाऊ ओळखत नाहीत? ते शांतपणे ऐकून घेतील, खुर्ची देतील, पाणी देतील आणि मग रुग्णवाहिका बोलावतील. चार वाजून दहाचं विमान निघून जाईल. तिने फ्राउकेचा चेहरा आठवला, सात वर्षांत हळूहळू उतरत गेलेला. नाही. काही झालं तरी त्या विमानात बसायचं होतं. पासपोर्ट एवाल्डच्या फाइलीत होता, म्हणून एवाल्डला नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं. पुढचं पुढे बघता येईल.

मोझेलच्या गाडीत ती त्यांच्या पलीकडच्या बाजूला बसली, मधली वाट सोडून. कोणी हरकत घेतली नाही. चौघं गप्पा मारत होती. सिग्रूनच्या गुडघ्याच्या, पोर्तोच्या हवेच्या, फ्राउकेच्या नवऱ्याला मासे जमतात आणि बाकी काही जमत नाही याच्या. ती बाई कमी बोलायची, पण बोलायची तेव्हा नेमकं. एकदा तर योखेन खो खो हसला, आणि हसता हसता मार्लीसशी नजरानजर झाली तसा त्याने चेहरा हातात लपवला.

बोगद्यात गाडी शिरली तेव्हा मार्लीसच्या एक गोष्ट लक्षात आली. मनगट दुखत नव्हतं. सकाळपासून ठणकत होतं, रात्री त्याने झोप लागू दिली नव्हती, आणि आता काहीच नाही. तिने बोटं हलवली, मूठ वळली. पट्टीत हात जणू उगीच बांधला होता.

बोगदा संपला. उजेडात तिने पलीकडे पाहिलं. ती बाई स्वतःचं उजवं मनगट डाव्या हातात धरून बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घामाचे थेंब. सिग्रून तिला विचारत होती, “फार ठणकतंय का गं?”

दुखणं गेल्याचंही दुःख असतं, हे मार्लीसला त्या दिवशी कळलं. तिला रडूच कोसळलं. ते माझं आहे, असं ओरडावंसं वाटलं, पण कशाबद्दल ओरडतेय हे जगातल्या कुठल्या माणसाला समजलं असतं?

५

हेलनबाखला ते पाचच जण उतरले. स्टेशन म्हणजे एक छप्पर, एक बाक आणि सिगारेटचं बंद पडलेलं यंत्र. टळटळीत ऊन होतं. छोटी पांढरी बस दार उघडून उभी होती, आणि चालक हातातल्या कागदावर बघत होता.

“टेरहोर्स्ट, चार जण,” तो म्हणाला.

“तो फोन मी केला होता!” मार्लीस पुढे झाली. “काल सकाळी, दहा वाजता. तुम्ही नव्हता, एक बाई होत्या फोनवर. कुत्रं भुंकत होतं मागे.”

“चारच जागा सांगितल्या आहेत ना?”

“चारच.”

“मग चारच.” चालकाने तिला नीट निरखून पाहिलं आणि आवाज मऊ केला. “तुम्ही इथेच थांबा, बाई. तुम्हाला न्यायला येतंय की कोणीतरी.”

“मला? कोण येतंय?”

योखेन चढला, सिग्रून चढली, ती बाई चढली. एवाल्ड शेवटी. त्याचा एक पाय पायरीवर असताना मार्लीसने त्याचा कोट मागून पकडला.

“माझ्याकडे बघ,” ती म्हणाली. “एवाल्ड, माझ्याकडे बघ आणि सांग मी कोण आहे.”

त्याने पाहिलं. त्याने तिला ओळखलं होतं. सबंध दिवस तो तिला ओळखतच होता, हे तिला त्या एका क्षणात कळलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

“तमाशा नको करूस, मार्लीस,” तो हळूच म्हणाला.

“का लिहिलंस ते नाव?”

“एक जण घरी आला होता. तू दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस तेव्हा. कॉफी घेतली त्याने. बसला तासभर.”

“कोण आला होता?”

“त्याने नाव नाही सांगितलं. आमचीच विचारली. म्हणाला, तुमच्यातलं एक हवं.”

मार्लीसने कोट सोडला नाही. “आणि तू माझं दिलंस.”

“योखेन माझा सख्खा भाऊ आहे. सिग्रूनला दमा, तिला असं कसं पाठवायचं? आणि मी...” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज अगदी समजूतदार होता. वीजमंडळाचं बिल का जास्त आलं हे सांगताना असायचा तसा. “मी तर त्याच्या समोरच बसलो होतो गं. समोर बसलेला माणूस स्वतःचं नाव कसं सांगेल?”

“नाही म्हणायचं होतंस!”

“तू त्याला पाहिलं नाहीस.”

“माझा पासपोर्ट दे.”

एवाल्डने फाइल छातीशी धरली. “ह्यात माझ्या बायकोची कागदपत्रं आहेत,” तो म्हणाला, आणि त्याने तिची बोटं एकेक करून कोटावरून सोडवली. हळुवारपणे सोडवली, पट्टीचा हात सांभाळून.

बसच्या खिडकीची फट उघडली. आतून सिग्रून पुटपुटली, “गाडीत गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं? एवढं मान हलवायला सांगत होतो आम्ही.” खिडकी बंद झाली. बस वळली आणि चढाला लागली.

६

बाकावर बसून, जो कोणी न्यायला येणार होता त्याची वाट बघायची मार्लीसची तयारी नव्हती. विमानतळ सहा किलोमीटर वर होता. द्राक्षांच्या मळ्यांतून एक पायवाट जायची, आणि ती तिने नकाशावर पाहून ठेवली होती. बस कधी आलीच नाही तर, म्हणून. तिने पर्स गळ्यात अडकवली आणि कंबर कसली.

चालता चालता ती मोठ्याने बोलत होती, स्वतःशीच. म्हातारा घाबरला, कोणीतरी त्याला घाबरवलं. पैशांसाठी असेल. ती बाई चोर असेल, पासपोर्ट हवा असेल तिला. वर गेल्यावर खिडकीवर सांगायचं, पोलीस येतील, पासपोर्टवर माझा फोटो आहे, फोटो खोटं बोलत नाही. असं दोन-तीनदा म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं. मनगटाचं काय, हा प्रश्न तिने मनात येऊ दिला नाही.

मागे खाली, हेलनबाखच्या छपराशी, एक गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं, आणि बराच वेळ बंद झालं नाही. तिने मागे न बघता पावलं उचलली.

मळे संपून झाडी लागली तिथे मोबाइलला रेंज मिळाली. तिने फ्राउकेला फोन लावला.

“आई?” फ्राउके कुजबुजत होती. “काय झालं? आत्ताच तर फोन ठेवलास.”

मार्लीस झाडाला टेकली. “मी? मी कुठे फोन केला?”

“एवाल्डच्या फोनवरून, पाच मिनिटांपूर्वी. तू बरी आहेस ना? मगाशी पण तुझा आवाज असाच येत होता. खोल गेल्यासारखा.”

“फ्राउके, ऐक. ती मी नव्हते. माझ्या जागी दुसरं कोणी येतंय, तिला घरात घेऊ नकोस. बाळाजवळ जाऊ देऊ नकोस. समजलं?”

“आई, घाबरवू नकोस मला. झोप नाहीये मला तीन आठवडे.”

“बरं. बरं, राहू दे.” मार्लीसने श्वास घेतला. एकच गोष्ट विचारायची राहिली होती. “बाळाचं नाव काय ठेवलंस?”

“अगं, सांगितलं की आत्ता! कानातच सांगणार होते, पण तू इतकी मागे लागलीस. रडलीस ऐकून.”

“पुन्हा सांग.”

“आई...”

“एकदा. माझ्यासाठी. सांग ना गं.”

पण फोनमधून बाळाचा रडण्याचा आवाज आला, पहिल्यांदाच ऐकलेला, बारीक आणि रागावलेला. फ्राउके म्हणाली, “उठली बघ. ठेवते. ये लवकर.” आणि फोन बंद झाला. मार्लीसने पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग पळत सुटली.

७

विमानतळाचं दालन लहान होतं, शाळेच्या सभागृहाएवढं. तीन वाजायला आले होते. डाव्या हाताला एक खिडकी, तिच्या आत नीटनेटका अंबाडा घातलेली एक तरुणी. उजवीकडे काचेची भिंत आणि पलीकडे सामान तपासायची रांग.

“पोर्तोचं विमान,” मार्लीसला धाप लागली होती. “माझा पासपोर्ट दुसऱ्या बाईकडे आहे. मी मार्लीस टेरहोर्स्ट.”

तरुणीने यंत्रात पाहिलं. “टेरहोर्स्टबाई आत गेल्या आहेत. दहा मिनिटं झाली. कागदपत्रं सगळी बरोबर होती.”

“फोटो पाहिलात?”

“मीच पाहिला.” तिने मार्लीसकडे पाहिलं, केसांतल्या काटक्यांकडे, धुळीने माखलेल्या बुटांकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्याचा भाव आला. “तुम्ही बसता का जरा? तुमची चौकशी करत आलेत कोणी. मी त्यांना सांगते.”

“कोणी मला घ्यायला यायचं नाहीये!” मार्लीस ओरडली. दालनातली माणसं वळून बघायला लागली.

ती काचेकडे धावली. रांगेत ते होते. योखेन बूट काढत होता, सिग्रून पिशवी पट्ट्यावर ठेवत होती, एवाल्ड फाइल घेऊन उभा. आणि त्याच्यापुढे निळ्या कोटातली ती. तिच्या डाव्या हातात मार्लीसची पिवळी टोपी होती. तपासणाऱ्याने काहीतरी विचारलं असावं, कारण तिने ती टोपी उंच धरून दाखवली, वेड्यावाकड्या ओळींसकट. मार्लीसने दोन्ही तळव्यांनी काच बडवली.

ती बाई वळली.

तिचा चेहरा मार्लीससारखा झाला असेल, अशी भीती सबंध वाटभर मार्लीसला वाटत आली होती. तसं काही नव्हतं. तोच साधा, अनोळखी चेहरा होता. पण तिची नजर मार्लीसवर फार वेळ थांबलीच नाही. ती मार्लीसच्या मागे, दाराकडे गेली, आणि त्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. एवढी भीती मार्लीसने कुठल्या माणसाच्या तोंडावर पाहिली नव्हती. बाईने टोपी छातीशी घट्ट आवळली, घाईघाईने तपासणीची चौकट ओलांडली आणि दिसेनाशी झाली.

मागे पावलं वाजली. सावकाश, जड, ओलसर.

मार्लीसने वळून पाहिलं नाही. काचेत तिला एक बाही दिसली, राखी लोकरीची, आणि एका मोठ्या बोटात अडकवलेली गाडीची किल्ली. ओल्या मातीचा वास आला. त्या हाताने तिच्या गळ्यातली पर्स अलगद काढून घेतली.

“चल, हानेलोरे,” एक पुरुषी आवाज म्हणाला. त्यात जराही राग नव्हता, थकवा तेवढा होता. “दारातच लावली आहे गाडी.”

“मी हानेलोरे नाही,” मार्लीस म्हणाली.

“हो, हो.” हाताने तिचं कोपर धरलं. “मागच्या वेळीही असंच म्हणालीस.”

खिडकीतली तरुणी हे सगळं बघत होती, आणि सुटल्यासारखी हसली. मार्लीसने काचेवर तोंड टेकवून शेवटचं ओरडून पाहिलं, नवऱ्याच्या नावाने. रांगेत आता एकटा एवाल्ड उरला होता. त्याने मान वळवली, डोळे बारीक केले आणि हात वर केला.

मार्लीसचाही हात वर गेला. पण तिच्या खांद्याशेजारून दुसरा हात तिच्याआधीच उठला होता, किल्ली अडकवलेला, आणि एवाल्ड त्या हाताकडे बघत होता.